राजाचे हंस

हंस म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे मानससरोवर उभे राहते. दुधातले पाणी वेगळे करणारा, मोत्यांचा चारा खाणारा, सरस्वतीच्या पायाशी डौलाने बसणारा पक्षी तो हाच. ज्यांनी शाळेत रघुनाथ पंडितांचे ‘दमयंतीस्वयंवर’ वाचले आहे, त्यांना नळराजाच्या मुठीत सापडलेला हंसही आठवेल. घरी म्हातारी आई आहे, बायको बाळंतीण आहे, पिले अजून कोवळी आहेत, असा तो टाहो फोडतो. राजाचे मन द्रवते आणि तो मूठ सोडतो. पुढची सारी कथा त्या एका सुटलेल्या मुठीतून निघते.

धरणे आणि सोडणे यांचा हाच खेळ इंग्लंडात थेम्स नदीवर दरसाल खेळला जातो. तिथला हंस मात्र संस्कृत बोलत नाही आणि मोतीही खात नाही. पाण्यातली शेवाळी आणि गवत खाऊन राहणारा, नारिंगी चोचीचा, चोचीच्या मुळाशी काळे टेंगूळ असलेला असा हा पांढराशुभ्र भारदस्त पक्षी. त्याला इंग्रज लोक मुका हंस म्हणतात. अगदीच मुका नाही बिचारा; फुत्कारतो, घुरघुरतो; पण त्याच्या भाईबंदांसारखा गळा काढून ओरडत नाही, इतकेच.

बाराव्या शतकापासून इंग्लंडच्या राजांनी या पक्ष्यावर हक्क सांगितला. खुल्या पाण्यावरचा, खूण नसलेला हंस राजाचा. आता कोणी म्हणेल, वा, काय ही रसिकता! पण वाचकहो, त्या रसिकतेचा उगम डोळ्यांत नव्हता, जिभेत होता. हंस हे मेजवानीचे पक्वान्न होते. १२५१ सालच्या नाताळात तिसऱ्या हेन्री राजाने यॉर्क शहरी आपल्या मुलीचे लग्न लावले, तेव्हा शंभराहून अधिक हंस मुदपाकखान्यात गेले. त्यातही जून हंसाचे मांस चिवट; म्हणून मागणी पिलांना. धान्य चारून त्यांना पुष्ट करायचे आणि सणाच्या ताटात वाढायचे. हंसाची पिले मोजण्याची प्रथा पडली ती या हिशेबातून. आपल्याकडे कुणबी गोठ्यातली वासरे मोजतो, तशी.

मिळकत म्हटली की खूण आली, वहिवाट आली आणि भांडणेही आली. १४८२ साली चौथ्या एडवर्डच्या कारकीर्दीत कायदा झाला. ज्याच्या मालकीच्या जमिनीचे उत्पन्न साली निदान पाच मार्क असेल, त्यालाच हंसांवर आपली खूण ठेवता येईल. गरिबाने हंस पाळायचा नाही, असा त्याचा सरळ अर्थ. खूण करायची ती चोचीवर, चाकूने खाच पाडून. अशा शेकडो खुणा चर्मपत्रांच्या लांबलचक गुंडाळ्यांवर काढून ठेवलेल्या आहेत. कुठे काटकोन, कुठे बाण, कुठे नुसत्या रेघा. लंडनच्या दोन पेढीवाल्या जमातींनाही पंधराव्या शतकात हा हक्क मिळाला. एक द्राक्षमद्याच्या व्यापाऱ्यांची, व्हिंटनर्सची. दुसरी रंगाऱ्यांची, डायर्सची. रंगाऱ्यांच्या हंसाला एक खाच, मद्यवाल्यांच्या हंसाला दोन, आणि राजाचा हंस बिनखुणेचा. ज्याच्यावर काही लिहिलेले नाही ते राजाचे!

या मिळकतीच्या वादातून एक मोठा गोड न्याय निघाला. डॉर्सेट परगण्यात ॲबट्सबरी नावाचे गाव आहे. तिथल्या मठातल्या साधूंनी खाडीकाठी हंसांची वसाहत राखली होती. १५३९ साली आठव्या हेन्रीच्या अमदानीत मठ मोडला आणि हंस नव्या धन्याकडे गेले. पुढे १५९२ साली तिथल्या हंसांवरून खटला उभा राहिला आणि एडवर्ड कोक या प्रसिद्ध कायदेपंडिताने त्याची हकीकत लिहून ठेवली. नर एका मालकाचा आणि मादी दुसऱ्याची असेल, तर पिले कोणाची, हा प्रश्नही त्यात येतो. गाईचे वासरू गाईच्या धन्याचे, हा तर सगळीकडचा रिवाज. पण हंसाच्या बाबतीत कायदा म्हणतो, पिले दोघा मालकांनी निम्मी निम्मी वाटून घ्यावीत. कारण काय? तर हंस एकपत्नीव्रती आहे. नर आपल्या एकाच मादीशी राहतो. सर्व पक्ष्यांत तो प्रेमळ आणि सच्चा नवरा. कायद्याच्या रुक्ष पोथीत पक्ष्याच्या संसाराची अशी कदर क्वचितच सापडेल.

आणि तो संसार आहेही तसाच. वसंतात काठावरच्या बोरूच्या बेटात वाळकी पाती, काटक्या रचून मोठे थोरले घरटे होते. मादी पाचसात अंडी घालते, सुमारे पस्तीस दिवस उबवते; नर पहारा करतो आणि जवळ येणाऱ्या माणसावरही पंख उभारून धावतो. मेच्या मध्यापासून जूनअखेरपर्यंत पिले बाहेर येतात. ॲबट्सबरीची वसाहत आजही नांदती आहे, आणि या दिवसांत माणसे मुलांना घेऊन तिथे पिले पाहायला जातात. पहिले पिलू फुटले की उन्हाळा सुरू झाला, असे ते जुने साधू मानीत, अशी तिकडची आख्यायिका आहे. पिलू पांढरे नसते बरे का. ते राखी लोकरीच्या गुंड्यासारखे दिसते आणि दमले की आईच्या पाठीवर चढून तिच्या पंखांच्या पाळण्यात बसते. अँडरसनच्या १८४३ सालच्या गोष्टीतले ‘कुरूप पिल्लू’ ते हेच.

मोजणी मात्र वसंतात होत नाही. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात होते. यात जुन्या लोकांचे मोठे निरीक्षण आहे. त्या सुमारास मोठ्या हंसांची पिसे झडून नवी येत असतात, त्यामुळे त्यांना काही आठवडे उडता येत नाही. पिलांना पंख फुटायचे असतात. शिवाय सारे कुटुंब एकत्र असते, म्हणून कोणते पिलू कोणाचे याबद्दल तंटा उरत नाही. पाच दिवस वल्ह्यांच्या होड्यांचा ताफा सनबरीहून ॲबिंग्डनकडे नदी चढत जातो. राजाची माणसे लाल डगल्यात, सोबत त्या दोन जमातींची. हंसांचे कुटुंब दिसले की ‘ऑल अप!’ अशी आरोळी उठते, होड्या कडे करतात आणि कडे हळूहळू आवळत पक्षी हाती घेतात. विंडसरच्या किल्ल्याशी आले की सगळे वल्हेकरी उभे राहतात, वल्ही उभी धरतात आणि हंसांच्या धन्याला, राजाला, मुजरा करतात.

अठराव्या शतकापर्यंत हंसाचे पक्वान्न मागे पडले. टर्की नावाच्या परदेशी कोंबड्याने त्याची जागा घेतली. ताट गेले, पण मोजणी राहिली. निरुपयोगी झालेला रिवाज केवळ थाटासाठी चालू ठेवला, असे कोणालाही वाटले असते. त्याचा खरा उपयोग विसाव्या शतकात कळला.

१९६० च्या सुमारास लंडन ते हेन्ली या टापूत हजारावर हंस होते. मग आकडे उतरू लागले. १९८५ साली त्याच टापूत घरटी करणारी फक्त सात जोडपी उरली. मारेकरी दिसत नव्हता. शोधाअंती तो सापडला तो मासे धरणाऱ्यांच्या दोरीत. गळ बुडावा म्हणून दोरीला शिशाचे बारीक मणी लावीत. ते तुटून तळाशी पडत. हंसाला दात नाहीत. अन्न दळण्यासाठी तो खडे गिळतो. खड्यांबरोबर शिसे पोटात जाई, दळले जाई आणि रक्तात मिसळे. मग अन्ननळी लुळी पडे, मान वाकडी होई आणि पोटात अन्न असूनही पक्षी उपासमारीने मरे. १९८७ साली अशा बहुतेक शिशाच्या मण्यांच्या विक्रीवर बंदी आली आणि हंस पुन्हा वाढू लागले.

१९९३ साली जुन्या हंसरक्षकाचे पद मोडून दोन नवी पदे केली गेली. एक मोजणीदाराचे, दुसरे पक्षिशास्त्राचे, त्यावर ऑक्सफर्डचे ख्रिस्तोफर पेरिन्स आले. चोचीवरची खाच बंद झाली. आता पायात हलकी कडी घालतात. पिलू तोलतात, मापतात, गळाचा आकडा कुठे रुतला आहे का ते पाहतात आणि पाण्यात सोडून देतात. नदीकाठच्या शाळांतली मुले हे पाहायला येतात. २०२० साली महामारीमुळे हा सोहळा झाला नाही, तेव्हा आजवर कधी न पडलेला खंड पडला अशी हळहळ झाली.

मला या इतिहासात मौज वाटते ती अशी. लोभाने सुरू झालेली मोजणी शेवटी जीव वाचवायला कामी आली. राजाने हंस आपला म्हटले ते खाण्यासाठी. पण ‘आपला’ म्हटल्यावर मोजावा लागला, मोजला म्हणून कमी झालेला कळला, आणि कळला म्हणून वाचला. ज्याची मोजदाद कोणी ठेवत नाही, तो पक्षी नाहीसा होतो तेव्हा त्याचे सुतकही कोणाला नसते.

आपल्याकडे हा हंस वस्तीला नाही. हिवाळ्यात नाथसागरासारख्या जलाशयांवर उतरणारे, डोक्यावर दोन काळे पट्टे मिरवणारे हंसांचे चुलतभाऊ पट्टकदंब आपली पिले हिमालयापलीकडे वाढवून येतात. पण आपल्या गावतळ्याची स्वतःची लेकरे आहेतच. चोचीच्या टोकाला पिवळी हळद आणि मुळाशी तांबडे कुंकू लावलेले हळदी-कुंकू बदक पाहा. त्याचा वसंत म्हणजे आपला पावसाळा. दिवाळीच्या सुटीत आजोळी जाल, तेव्हा सकाळी तळ्याच्या काठी मुलांना घेऊन थोडे गप्प बसा. लव्हाळ्यातून आई निघाली आणि मागे पिलांची माळ आली, तर मुलांना ती मोजू द्या. आकडा वहीत लिहून ठेवायला सांगा, आणि पुढच्या दिवाळीत पुन्हा मोजा. राजा असण्याची काही जरूर नाही. ‘आपले’ म्हणण्याचा हक्क एवढ्यानेही मिळतो.