प्रवासाचा विनय

धम्माच्या प्रसारासाठी भिक्खूंनी गावोगावी चारिका केली, हे आपण सर्वजण जाणतो आणि अभिमानाने सांगतोही. परंतु ही चारिका कशी करावी, ज्या ठिकाणी जावयाचे तेथील माणसांशी, पिकांशी, पाण्याशी कसे वागावे, याचा विनयपिटकात किती बारकाईने विचार झाला आहे, इकडे मात्र आपले लक्ष पुरेसे गेलेले नाही, असे आम्हांस वाटते.

वर्षावासाचेच उदाहरण घ्यावे. आज वर्षावास म्हटला की ग्रंथवाचन आणि प्रवचने आठवतात. मूळ कारण निराळे आहे. भगवान बुद्ध राजगृहात वेळुवनात असताना लोकांनी तक्रार केली की, इतर पंथांचे परिव्राजकदेखील पावसाळ्यात एका जागी राहतात, पक्षीही झाडांच्या शेंड्यांवर घरटी बांधून राहतात. शाक्यपुत्रीय श्रमण मात्र तिन्ही ऋतूंत हिंडतात, हिरवे गवत तुडवितात आणि लहान जीवांचा नाश करितात. भगवंतांनी लोकांना दोष दिला नाही. तीन महिने एकत्र राहण्याचा नियम घालून दिला. प्रवाशाच्या पायाखाली काय तुडविले जाते हे पाहण्याचा अधिकार त्या भूमीवर राहणाऱ्यांचा आहे, हे संघाने येथे मान्य केले.

याहूनही मार्मिक भाग चुल्लवग्गातील वत्तक्खंधकात आहे. बाहेरून आलेले काही भिक्खू पायांत वहाणा घालून, छत्री धरून, डोके झाकून विहारात शिरत. पिण्याच्या पाण्याने पाय धूत. वडीलधाऱ्या भिक्खूंना वंदन करीत नसत आणि आपली सोय कोठे आहे हेही विचारीत नसत. त्यांतील एकाने रिकाम्या विहाराची खीळ काढून एकदम दार ढकलले, तो वरच्या चौकटीवरून साप त्याच्या खांद्यावर पडला. भिक्खू ओरडला. या घटनेतून जे नियम निघाले ते आगंतुकवत्त होय. आगंतुकाने वहाणा काढाव्यात, छत्री मिटावी, सावकाश आत यावे आणि आधी विचारावे : पिण्याचे पाणी कोणते आणि वापरावयाचे कोणते?

पण येथेच थांबले तर अर्धेच हाती लागते. लगेच पुढे आवासिकवत्त येते, म्हणजे जो तेथे आधीपासून राहतो त्याचे कर्तव्य. ज्येष्ठ आगंतुक आला तर आवासिकाने आसन मांडावे, पाय धुण्यास पाणी ठेवावे, सामोरे जाऊन पात्र व चीवर घ्यावे, पिण्यास पाणी द्यावे. आलेला वयाने लहान असला तरी पाणी कोठे आहे ते त्याला सांगावे. ज्येष्ठत्व मोजावयाचे ते उपसंपदेनंतरच्या वर्षांनी. आलेला कोणत्या कुळातला, हा प्रश्न या नियमांत कोठेही नाही.

हे वाचताना आम्हांस दौलताबाद आठवते. १९३४ साली चळवळीतील सहकाऱ्यांसह परमपूज्य बाबासाहेब सहलीस निघाले होते. वेरूळची बौद्ध लेणी पाहणे हा त्या सहलीतील ठरलेला भाग होता. त्यासाठी निजामाच्या राज्यातील औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरास, जावे लागे. वाटेत अस्पृश्य म्हणून अपमान होऊ नये यासाठी मंडळींनी आपली ओळख प्रकट न करण्याचे ठरविले होते. दौलताबादेच्या किल्ल्याबाहेर एक लहानसा हौद काठोकाठ भरलेला होता. अंग धुळीने माखलेले. काहींनी त्या पाण्याने हातपाय धुतले. मागून एक वृद्ध मुसलमान हौद बाटविल्याचा आरडाओरडा करीत आला, जमाव जमला, शिव्या झाल्या. अखेर किल्ला पाहण्याची परवानगी मिळाली ती या अटीवर की, आत कोठेही पाण्यास स्पर्श करावयाचा नाही. आणि त्यावर नजर ठेवण्यास एक हत्यारी शिपाई बरोबर दिला गेला. बाबासाहेबांनी हा प्रसंग ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये लिहून ठेविला असून १९९० साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीने ती पुस्तिका प्रसिद्ध केली. अस्पृश्याला हिंदूच नव्हे तर मुसलमानही अस्पृश्यच मानतो, असा निष्कर्ष त्यांनी त्यातून काढला.

विनयात पाणी चुकीचे वापरणाऱ्या पाहुण्याला नियम शिकविला गेला. दौलताबादेत पाहुण्यामागे बंदूक चालली. जबाबदारीने प्रवास करावा असा उपदेश आज जगभर प्रवाशाला केला जातो. तो योग्यच आहे. मात्र ज्यांच्या आजोबांना वाटेत पाणी मिळाले नाही, त्यांना आवासिकाचेही काही वत्त असते हे विसरून चालणार नाही.

तिसरे वत्त गमिकाचे, निघून जाणाऱ्याचे. त्याने लाकडी व मातीच्या वस्तू आवरून ठेवाव्यात, दारे-खिडक्या लावाव्यात, कोणास तरी सांगून जावे. सांगावयास कोणीच नसेल तर मंचक चार दगडांवर ठेवून मग निघावे. वाळवीपासून लाकूड वाचविण्याची ही काळजी, आणि तीही स्वतः पुन्हा कदाचित न येणाऱ्या माणसाने घ्यावयाची!

अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यात याच्या अगदी उलट पुरावा आहे. २८ एप्रिल १८१९ रोजी मद्रास लष्कराच्या घोडदळातील जॉन स्मिथ हा इंग्रज अधिकारी शिकारीच्या निमित्ताने तेथे पोहोचला आणि जाताना चित्रावर आपले नाव व तारीख कोरून गेला. (याला ‘अजिंठ्याचा शोध’ म्हणतात, आसपासच्या खेडुतांना लेणी ठाऊक होतीच.) तेव्हा लेण्यात गाळ व दगडमातीचा थर होता, त्यामुळे ते नाव आज माणसाच्या डोक्याच्याही वर दिसते. कार्ल्याच्या चैत्यगृहातील स्तंभांवर धेनुकाकटाच्या यवनांचीही नावे आहेत, पण ती तो स्तंभ दान केल्याबद्दल.

स्मिथला दोष देणे सोपे आहे. काही वर्षांपूर्वी एका लेण्यात आम्ही शाळकरी मुले घेऊन गेलो होतो. भिंतीवर देवनागरीत खरडलेली नावे होती, कोनाड्यात मेणबत्त्यांची काजळी साचली होती आणि एका नावाखाली निळ्या रंगात तारीख होती, १४ ऑक्टोबर. मुलांना आम्ही आधी ती भिंत दाखविली, मग स्तूप.