चारशे यार्डांवरचा ट्रॅफिक जॅम

ऑक्टोबर १९८६. कॅलिफोर्नियातल्या बर्कली गावात टेकडीवर लॉरेन्स बर्कली लॅब आणि जवळच बर्कली विद्यापीठ. मधलं अंतर जेमतेम ४०० यार्ड. दोन्ही ठिकाणं तेव्हाच्या इंटरनेटने जोडलेली होती आणि डेटा सेकंदाला ३२ हजार बिट्सच्या वेगाने जायचा. त्या महिन्यात हा वेग सेकंदाला ४० बिट्सवर आला. चाळीस हजार नव्हे हो, नुसते चाळीस! म्हणजे सेकंदाला पाच अक्षरं. दोन हजार अक्षरांचं एक पान पाठवायला साडेसहा मिनिटांच्या वर. तेवढ्या वेळात कोणी कागद हातात घेऊन चालत गेलं असतं तरी पोचलं असतं.

गंमत म्हणजे कुठलीही तार तुटली नव्हती आणि कुठलंही मशीन बंद पडलं नव्हतं. उलट तारा गच्च भरून वाहत होत्या. फक्त त्यातून कामाचं असं जवळजवळ काहीच पोचत नव्हतं.

असं का झालं? थोडं टेक्निकल होईल, पण सोपं आहे. टीसीपी आपला डेटा छोट्या पॅकेट्समध्ये तोडून पाठवतं. पॅकेट मिळालं की समोरचा पोचपावती देतो. ठरावीक वेळात पोचपावती आली नाही, तर पाठवणारा समजतो की पॅकेट हरवलं, आणि तेच पुन्हा पाठवतो. वरवर बघता यात चूक काहीच नाही. पण पॅकेट हरवलेलं नसून वाटेतल्या राउटरच्या रांगेत अडकलेलं असेल तर? मग त्याच रांगेत त्याची दुसरी प्रत येऊन उभी राहते. रांग वाढते, पोचपावत्यांना आणखी उशीर होतो, आणखी प्रती निघतात. हळूहळू सगळी तार एकाच मजकुराच्या प्रती वाहण्यात खर्ची पडते. आणि यातला प्रत्येक पाठवणारा आपापल्या जागी नियमाप्रमाणेच वागत असतो!

हे कोणालाच आधी सुचलं नव्हतं असं नाही. फोर्ड एरोस्पेसमधल्या जॉन नेगल यांनी जानेवारी १९८४ मध्येच याबद्दल लिहिलं होतं आणि त्याला 'कंजेशन कोलॅप्स' असं नावही दिलं होतं. मग राउटरला भरपूर मेमरी द्या की, असं आपल्याला वाटेल. त्याचंही उत्तर त्यांनी १९८५ च्या डिसेंबरात देऊन ठेवलं. राउटरला अमर्याद मेमरी दिली तरी फायदा नाही, कारण पॅकेटला आयुष्याची मर्यादा असते. रांग इतकी लांबते की नंबर लागेपर्यंत पॅकेट 'वारलेलं' असतं.

खरी अडचण वेगळीच होती. वेग आवरायची सोय टीसीपीत पहिल्यापासून होती. 'माझ्याकडे इतकीच जागा आहे, यापेक्षा जास्त पाठवू नकोस' असं घेणारा सांगू शकायचा. म्हणजे दोन टोकं एकमेकांची काळजी घेत होती. मधल्या रस्त्याच्या वतीने बोलणारं मात्र कोणी नव्हतं.

लॅबमधले व्हॅन जेकबसन आणि विद्यापीठात बीएसडी युनिक्सवर काम करणारे माइक कॅरल्स यांनी हा गुंता सोडवला. त्यांनी ना तार बदलली, ना राउटर. बदलला तो पाठवणाऱ्याचा स्वभाव. सुरुवात एका पॅकेटने करायची. पोचपावत्या येत गेल्या की वेग वाढवायचा, पण एका हद्दीनंतर अगदी थोडा थोडा. पॅकेट हरवलं की रस्ता भरलाय असं समजायचं आणि झटकन मागे यायचं. पुन्हा पाठवायची वेळ आलीच, तर दर खेपेला आधीच्या दुप्पट थांबायचं.

वाढवताना थोडं थोडं आणि कमी करताना थेट निम्मं, असं का? याचं गणित डाह-मिंग च्यू आणि राज जैन (हे आपल्या बंगळूरच्या आयआयएससीत शिकलेले) यांनी १९८९ मध्ये मांडलं. समजा रस्त्याची क्षमता १०० आहे. एक जण ८० वापरतोय, दुसरा २०. कोंडी झाली, दोघे निम्म्यावर आले: ४० आणि १०. मग दोघांनी सारखंच वाढवलं, २५-२५. झाले ६५ आणि ३५. पुन्हा निम्मे, पुन्हा २५-२५ : ५७.५ आणि ४२.५. फरक ६० वरून ३०, ३० वरून १५! दोघांनी एकमेकांशी एक शब्दही न बोलता वाटणी समान होत जाते. मला तर हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा जादूच वाटली होती.

१९८८ मध्ये हा कोड बीएसडीतून बाहेर पडला, आणि १९८९ मध्ये इंटरनेटच्या अधिकृत नियमांत तो सक्तीचा झाला. सक्तीचा म्हणजे कागदावर. कारण हा कोड चालतो तो प्रत्येकाच्या स्वतःच्या मशीनवर, आणि तिथे बघायला पोलीस नाही. एकाच फाइलसाठी पाच कनेक्शन्स उघडणारा डाउनलोड मॅनेजर तेच तर करतो: वाटणी 'प्रति कनेक्शन' आहे ना, मग मी पाच ताटं मांडतो! गूगलने २०१६ मध्ये बीबीआर ही नवी पद्धत आणली तेव्हाही वाद झाला तो याच मुद्द्यावर, की ही शेजाऱ्याचा वाटा खाते का.

मी स्वतः टीसीपी लिहीत नाही. आपल्यापैकी बहुतेकांसारखा मी एकमेकींना कॉल करणाऱ्या सर्व्हिसेस लिहितो. पण हा इतिहास तिथेही लागू पडतो. कॉल फेल झाला की लगेच तीनदा ट्राय करा, असा कोड रिव्ह्यूला आला की कोणाला काही वावगं वाटत नाही. आता अशा तीन सर्व्हिसेस एकाखाली एक ठेवा. सगळ्यात खालचा डेटाबेस जरासा दमला, की वरच्या एका रिक्वेस्टमागे त्याच्यावर ३ × ३ × ३ म्हणजे २७ कॉल्स आदळतात. तेही नेमके तेव्हा, जेव्हा त्याला श्वास घ्यायला उसंत हवी असते. बर्कलीत पॅकेट्स होती, इथे रिक्वेस्ट्स आहेत, एवढाच काय तो फरक.

हे सगळं घडलं तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. तरी रिव्ह्यू करताना माझी एक कॉमेंट ठरलेली असते: "उत्तर आलं नाही म्हणजे समोरच्याला ऐकू आलं नाही, असं नाही. तो कामात असेल. जरा थांब, आणि पुढच्या वेळी दुप्पट थांब."