राजीनामा

काही वर्षांपूर्वी मुरबाडच्या तहसील कचेरीतून एका जुन्या फेरफाराची नक्कल काढली. नोंद इंग्रजी अमदानीतली, शेरा एका ओळीचा : खातेदाराने राजीनामा दिला, दुसऱ्याने कबुलायत दिली, सबब पहिल्याचं नाव कमी. नाव कमी झालेला खातेदार म्हणजे माझ्या नानीचे वडील. भाताची चांगली खाचरं त्या एका ओळीत गेली.

नानी नेहमी सांगायची, "अब्बाने जमीन बेची नहीं, राजीनामा किया था." लहानपणी मला हे कळायचं नाही. शहापूरच्या मराठी शाळेत राजीनामा म्हणजे मंत्र्यांनी द्यायची गोष्ट. शेतकरी कशाचा राजीनामा देणार?

शब्द फारसी आहे. राजी असल्याचा कागद, एवढाच त्याचा अर्थ. उर्दूत तो तडजोडीचा कागद झाला : भांडण मिटलं, दोन्ही बाजू राजी. मराठीत तो पद सोडण्याचा कागद झाला. आणि महसुलाच्या मराठीत तिसरंच काही. 1879 च्या मुंबई जमीन महसूल संहितेच्या काळात कब्जेदार जमीन सोडताना राजीनामा लिहून द्यायचा आणि घेणारा कबुलायत. दोन कागद जोडले की जमीन या खात्यावरून त्या खात्यावर.

नानीच्या सांगण्याप्रमाणे शेजाऱ्याशी बांधावरून वाद होता. चार माणसं बसली, वाद मिटला, 'राजीनामा' ठरला आणि वडिलांनी अंगठा उठवला. कर्जही होतं असं नानीचाच भाऊ सांगायचा, म्हणून मी सगळा दोष शब्दावर टाकत नाही. पण शब्दाने असा घात करणं शक्य आहे का, हा प्रश्न मला सोडत नव्हता.

याचं उत्तर मला नेदरलँड्समधल्या एका प्रयोगात सापडलं. टॉन डाइकस्ट्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1998 साली तो प्रसिद्ध केला. डच आणि इंग्रजी दोन्ही येणाऱ्यांना पडद्यावर अक्षरं दाखवायची आणि हा इंग्रजी शब्द आहे की नाही ते झटपट सांगायला लावायचं. त्यात 'रूम'सारखे शब्द होते. इंग्रजीत ती खोली, तर त्याच स्पेलिंगचा डच शब्द म्हणजे दुधावरची साय. यादीत फक्त इंग्रजीच असेल तेव्हा असे शब्द अडले नाहीत. पण मधून मधून निव्वळ डच शब्द पेरले आणि त्यांना 'नाही' म्हणायला लावलं, तेव्हा मात्र या दुहेरी शब्दांवर लोक अडखळले. म्हणजे दोन भाषा येणाऱ्याच्या डोक्यात एक दार लावून दुसरं उघडत नाही. दोन्ही अर्थ उठून उभे राहतात आणि कोणता पुढे येणार ते आसपासची बोली ठरवते.

तिथे लिपी एकच होती, आपल्याकडे दोन. पण अंगठा उठवणाऱ्याला लिपीशी काय देणंघेणं? त्याला शब्द कानानेच कळतो. कागद मोडीत किंवा बाळबोधीत, बैठक मात्र आमच्या घरच्या बोलीत.

आमच्या भागात असे शब्द पिकतात याला इतिहास आहे. शहापूर हे नावच अर्धं फारसी, अर्धं संस्कृत. आसनगाव स्टेशनवर उतरलं की दिसतो तो माहुली. निजामशाहीची शेवटची लढत 1636 साली शहाजीराजांनी त्याच गडावरून दिली. दरबारची भाषा फारसी, गावचा हिशेब मराठीत, आणि दोहोंमध्ये लिहिणारे कारकून दोन्ही जाणणारे. 1657 साली कल्याण-भिवंडी शिवाजी महाराजांकडे आली. 1674 च्या राज्याभिषेकावेळी मुजुमदाराचा अमात्य झाला, पेशव्याचा मुख्य प्रधान. मग रघुनाथपंत हणमंते यांचा राजव्यवहारकोश आला, फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा. तरी पुढच्या शतकात राज्य चालवलं ते 'पेशव्यां'नीच! माधव ज्यूलियन यांनी 1925 मध्ये फारसी-मराठी कोश केला आणि नंतर स्वतःच भाषाशुद्धीची बाजू घेतली. शब्द मात्र सातबाऱ्यावर बसून राहिले.

राहिले ते कूस बदलून. सकाळी मदरशात 'कायदा' म्हणजे अलिफ-बेचं पुस्तक, अकराला शाळेत नागरिकशास्त्रातला कायदा. अब्बा घरी म्हणायचे, "दफ्तर जाके आता हूँ", आणि माझं दफ्तर तर खुंटीला टांगलेलं! तालीम उर्दूत शिक्षण, मराठीत आखाडा. आम्ही मुलं हसायचो आणि पुढे जायचो. आमची खाचरं कुठे जात होती?

ती नक्कल घेऊन मी नानीकडे गेलो होतो. तिला नजर कमी होती, म्हणून मोठ्याने वाचली. 'राजीनामा दिला' इथवर आलो तसा तिने माझा हात धरला. "देखा? मैं यही बोलती थी ना."

कबुलायतीचं मी वाचलं नाही. कागदाची घडी घालून तिच्या उशाशी ठेवली.