नखे काढणे आणि बोटे तोडणे: मांजराच्या एका शस्त्रक्रियेचा इतिहास

मराठीत ‘नखे काढणे’ म्हणजे नखे कापणे. तिन्हीसांजेला नखे काढू नयेत, असे घरातील वडीलधारी माणसे सांगत, तेव्हा त्यांच्या मनात दुखापतीचा विचारही नसे. हाच शब्दप्रयोग मांजराच्या एका शस्त्रक्रियेसाठी वापरला, की मोठा घोटाळा होतो. त्या शस्त्रक्रियेत नख कापले जात नाही. बोटाचे शेवटचे हाड छाटले जाते. मांजराची नखे काढावीत की नाही आणि काढायची तर कोणत्या वयात, या प्रश्नाचा विचार या घोटाळ्यापासूनच सुरू करावा लागतो.

हा प्रश्न आपल्याकडे नवा आहे. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी मांजराची नखे हा घराचा आधार होता. बंगळुरूचे चामराजपेट पाहावे. म्हैसूरचे महाराज चामराजेंद्र वोडेयार यांच्या नावाने ही वस्ती जुन्या पेठेलगत १८९२ मध्ये आखली गेली. पुढे सहाच वर्षांनी, ऑगस्ट १८९८ मध्ये, बंगळुरूत प्लेग शिरला. दाट वस्तीतील लोक घरे सोडून मोकळ्या जागी गेले. बसवनगुडी आणि मल्लेश्वरम या नव्या वस्त्यांच्या उभारणीला या साथीनेच गती दिली. त्याच वर्षी कराचीत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच वैद्याने प्लेग उंदरांवरील पिसवांमार्फत पसरतो, असे प्रयोगाने दाखवले. त्यावर प्रारंभी फारसा कोणी विश्वास ठेवला नाही. १९०५ पासून मुंबईत झालेल्या प्लेग आयोगाच्या संशोधनाने मात्र ते पक्के केले.

उंदीर दोषी ठरताच मांजराकडे लक्ष जाणे स्वाभाविक होते. अमरावतीस असलेले लष्करी वैद्यकीय सेवेतील अधिकारी अँड्र्यू ब्यूकॅनन यांनी वऱ्हाडातील गावांमध्ये मांजरांची गणती करून घेतली. ज्या गावांत मांजरे पुष्कळ, तेथे प्लेग कमी, असा निष्कर्ष त्यांनी १९०८ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये मांडला. त्याच वर्षी रॉबर्ट कॉख यांनीही जपानच्या भेटीत मांजरे पाळण्याचा सल्ला दिला. आजच्या कसोटीवर हा निष्कर्ष अपुरा ठरतो. मांजराला स्वतःला प्लेग होतो आणि त्याच्यापासून तो माणसालाही होऊ शकतो, हे आता ठाऊक आहे. शिवाय दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही. तरीही त्या काळची दृष्टी यातून कळते. मांजर घरात होते ते त्याच्या पंजांसाठी.

ही दृष्टी बदलली ती अमेरिकेत. १९४७ मध्ये मिशिगन राज्यातील एडवर्ड लो यांनी ओलावा शोषणारी चिकणमाती मांजराच्या शौचासाठी विकायला आणली आणि मांजराला चोवीस तास घरात ठेवणे सोयीचे झाले. उंदीर मारण्याचे काम गेले. पडदे, गालिचे आणि कापडी सोफे मात्र समोर उभे राहिले. १९५२ मध्ये शिकागोच्या एका पशुवैद्याने ही शस्त्रक्रिया तेथील पशुवैद्यक संघटनेच्या नियतकालिकात वर्णन केली. नंतरच्या दशकांत ती अमेरिकेत नित्याची होऊन बसली. बहुतेक वेळा ती पिल्लाच्या निर्बीजीकरणासोबतच, एकाच भुलीत उरकली जाई. म्हणजे तिचे मूळ मांजराच्या एखाद्या आजारात नव्हते, ते घरातील सामानात होते.

तिचे स्वरूप समजण्यासाठी पंजाची रचना पाहावी. माणसाचे नख मांसातून वाढते. मांजराचे नख बोटाच्या शेवटच्या हाडातूनच उगवते. नखाची वाढ थांबवायची तर ते हाड काढावे लागते. पुढच्या दोन पंजांना मिळून दहा बोटे असतात, म्हणून साधारणपणे दहा अवयवच्छेद होतात. माणसाच्या हाताशी तुलना केली, तर प्रत्येक बोट शेवटच्या पेरापासून छाटण्यासारखे हे आहे. त्यातही मांजर तळपायावर चालत नाही, बोटांवर चालते. बोटांची टोके गेली, की पावलावरचा भार बदलतो.

बोचकारणे हीदेखील खोडी नव्हे. त्याने नखावरचे जुने टरफल गळून पडते, खांदे आणि पाठ ताणली जाते आणि पंजातील ग्रंथींचा गंध मागे राहून जागेवर खूण होते. नखे गेली तरी ही प्रेरणा जात नाही. म्हणूनच नखे गमावलेली मांजरेही सोफ्यावर पंजे घासताना दिसतात.

मग ‘कधी’ या प्रश्नाचे काय? लहान पिल्लाची जखम लवकर भरते आणि त्याचे वजन कमी असते, म्हणून कोवळे वय निवडले जाई. पण जखम भरणे आणि हानी भरून निघणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काढलेले हाड कोणत्याही वयात परत येत नाही. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नखे काढलेल्या १३७ आणि न काढलेल्या १३७ मांजरांची तुलना करण्यात आली. पहिल्या गटात पाठदुखी, चावणे आणि ठरल्या जागेबाहेर शौच करणे यांचे प्रमाण अधिक आढळले. त्यांपैकी ६३ टक्के मांजरांच्या पंजात हाडाचे तुकडे मागे राहिलेले होते. असा अभ्यास परस्परसंबंध दाखवतो, प्रत्येक मांजराचे भविष्य सांगत नाही. तरी ‘काही बिघडत नाही’ हा जुना दिलासा त्यापुढे टिकत नाही.

एक आक्षेप मात्र गांभीर्याने घ्यावा लागतो. घरात लहान मूल किंवा प्रतिकारशक्ती क्षीण झालेली व्यक्ती असेल, तर ओरखडा धोक्याचा ठरू शकतो. भारतात रेबीजची भीतीही खरी आहे. ओरखडा उठल्यास जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन लगेच डॉक्टरांकडे जावे आणि मांजराचे लसीकरण चुकवू नये. पण नखे काढल्याने दात जात नाहीत. बचावाचे पहिले साधन गमावलेले मांजर दुसऱ्याचा आधार घेते, आणि मांजराचा चावा ओरखड्यापेक्षा खोल जातो.

जगाने हा हिशेब हळूहळू मांडला. १९८७ च्या युरोपीय पाळीव प्राणी संरक्षण कराराने नखे काढण्याची शस्त्रक्रिया निषिद्ध ठरवली. इस्रायलने २०११ मध्ये बंदी घातली. खुद्द अमेरिकेत वेस्ट हॉलिवूड या लहानशा शहराने २००३ मध्ये सुरुवात केली आणि २०१९ मध्ये न्यू यॉर्क हे बंदी घालणारे पहिले राज्य ठरले. वैद्यकीय कारणासाठी, उदाहरणार्थ बोटात गाठ झाल्यास, मुभा बहुतेक कायद्यांत आहे.

भारताचा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा १९६० चा. त्याची वाट रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत मांडलेल्या खासगी विधेयकाने मोकळी केली. त्यात मांजराच्या नखांचा उल्लेख नाही. कलम ११ प्राण्याच्या अंगच्छेदाला गुन्हा मानते. त्याच कलमात काही अपवाद दिले आहेत: गुरांची शिंगे काढणे, खच्चीकरण, डाग देणे, वेसण घालणे. हे सारे शेतकऱ्याच्या गोठ्यातले अपवाद आहेत. सोफा वाचवण्यासाठी बोटे छाटणे त्या यादीत कोठेही बसत नाही. मात्र पहिल्या गुन्ह्याचा दंड दहा ते पन्नास रुपये एवढाच लिहिलेला आहे. म्हणून प्रत्यक्ष निर्णय कायद्यापेक्षा मांजराच्या मालकाच्या आणि पशुवैद्याच्या विवेकावरच येऊन ठेपतो.

चामराजपेटेतील एखाद्या सदनिकेत आज तो निर्णय घ्यायचा असेल, तर साधने स्वस्त आहेत. सुतळी घट्ट गुंडाळलेला, मांजराला पूर्ण ताणून उभे राहता येईल इतका उंच आणि न हलणारा खांब सोफ्याच्या शेजारीच ठेवावा. जुने तरट फळीवर ठोकले तरी चालते. दर दोन-तीन आठवड्यांनी नखांची केवळ पांढरी टोके कापावीत; आतल्या गुलाबी, रक्तवाहिनी असलेल्या भागाला कात्री लागू देऊ नये. याची सवय पिल्लू असतानाच लावावी. ‘कधी’ या प्रश्नाचे योग्य उत्तर येथे आहे: लहानपणी, कात्रीने आणि पुन्हा पुन्हा.

मराठीने ‘नखे काढणे’ या शब्दांना हाच अर्थ दिला होता. तो तसाच राहू द्यावा.