हाजी घरी आल्यावरचे सात रोजे

काशी करून आलं की आपल्याकडे मावंदं घालतात. नाशिक-मालेगावात हाजी परतला की त्यालाही हार पडतात, दावती होतात. पण हजच्या नियमांत परतीशी जोडलेला एक उपवासही आहे. तो फारसा कुणाला ठाऊक नसतो.

कुराणाच्या दुसऱ्या सुरेतली 196वी आयत बघा. एकाच सफरीत उमरा आणि हज करणाऱ्याने कुर्बानी द्यायची. ज्याला ते जमत नाही, त्याने हजच्या दिवसांत 3 आणि परतल्यावर 7, असे 10 रोजे ठेवायचे. खिशात पैसे नाहीत म्हणून हज अपुरा राहत नाही.

आता ‘परतल्यावर’ म्हणजे कधी? हनफी म्हणतात, हजचे विधी आटोपले की मक्केतही चालतील. शाफईंच्या मते घर गाठल्यावरच. मालेगावात हनफी जास्त, कोकणी मुसलमान शाफई. त्यामुळे एकाच जहाजातून उतरलेल्या दोन गरीब हाजींचे रोजे वेगवेगळ्या ठिकाणी व्हायचे.

आणि त्या काळी घर गाठणं सोपं होतं का? जेद्दाहून मुंबईपर्यंत आगबोट, पुढे रेल्वे. पैसे संपलेले कितीतरी यात्रेकरू जेद्दालाच अडकायचे. यात्रेकरूंचे हाल इतके गाजले, की 1886 साली इंग्रज सरकारने या वाहतुकीचं काम थॉमस कुक कंपनीकडे दिलं. अशा अडकलेल्या माणसासाठी त्या 7 रोज्यांची सवलत काय असेल, विचार करा.

मुंबईची हज जहाजं 1995 पासून बंद झाली. आता विमानाने जायचं, कुर्बानीचे पैसे आधीच भरायचे. हजचा खर्चच लाखांत गेल्यावर हे 10 रोजे ठेवायची वेळ क्वचितच कुणावर येते.

नफल, म्हणजे ऐच्छिक रोजे मात्र आजही आहेत. हजनंतर लगेच मोहरम लागतो. त्यात 9-10 तारखेचा आशुरा, शिवाय एरवीचे सोमवार-गुरुवार. त्यांची सक्ती नाही.

दावत जरूर व्हावी. पण हाजीचं मोठेपण बॅनरच्या आकारावर मोजायला लागलो, तर रिकाम्या खिशाच्या माणसालाही पुरा हाजी मानणारा तो नियम आपण विसरलो असं होईल.

तुमच्या घरात कुणी आजोबा-नाना जहाजाने हजला गेले होते का? परतल्यावर त्यांनी रोजे ठेवल्याचं कुणाला आठवतंय? खाली जरूर लिहा.