उरलेला वाटा कुणाचा?

2020 सालच्या टाळेबंदीतली गोष्ट. नात दहावीला होती. सकाळी गणिताचा तास ऑनलाइन असायचा. बाईंच्या प्रश्नाला उत्तर द्यायला हिने तोंड उघडलं की नेमका आवाज तुटायचा. बाईंना वाटलं, मुलगी उत्तर टाळते आहे. पोरगी रडवेली झाली. शेवटी माझ्या पुतण्याने, तो नेटवर्कच्याच कामात आहे, तपास केला आणि म्हणाला, "काका, गुन्हेगार तुम्हीच!" माझा मोबाइल जुने फोटो इंटरनेटवर चढवत बसला होता आणि घरातून बाहेर जाणारी सगळी वाट त्याने अडवली होती.

पुतण्याने राउटरमध्ये प्रत्येकाचा 'क्लास' ठरवून दिला आणि प्रश्न मिटला. जन्मभर वर्ग सांभाळलेला मी मास्तर. हा कुठला वर्ग, म्हणून वाचत गेलो. त्यामागचा इतिहास मोठा रंजक निघाला.

ऑक्टोबर 1986. अमेरिकेतली लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि शेजारचं बर्कली विद्यापीठ यांत अंतर अवघं 400 यार्डांचं. पण त्यांच्यामधला वेग सेकंदाला 32 हजार बिटांवरून 40 बिटांवर घसरला! गर्दीत हरवलेली पाकिटं प्रत्येक संगणक पुन्हा पुन्हा पाठवी, त्याने गर्दी आणखी वाढे. गर्दी दिसली की पाठवणाऱ्यानेच हात आखडता घ्यावा, हा उपाय व्हॅन जेकबसन यांनी 1988 च्या निबंधात मांडला.

पण सगळे शहाण्यासारखे वागले तरी एक प्रश्न उरतोच. तार एक आणि भागीदार अनेक, तर कुणाचा वाटा किती? सॅली फ्लॉइड आणि जेकबसन यांनी 1995 साली त्याचं उत्तर दिलं. वाटे वंशावळीसारखे पाडायचे. आधी संस्थांचे, मग प्रत्येक संस्थेत कामांचे. पुढे मार्टिन देवेरा या चेक प्रोग्रामरने हीच कल्पना सोप्या रीतीने लिनक्समध्ये आणली. 2002 साली ती कर्नलमध्ये दाखल झाली. गंमत म्हणजे या शास्त्रात शब्दही घरातलेच आहेत. वरच्या वर्गाला पालक म्हणतात, खालच्याला मूल.

आमच्या घराचंच उदाहरण घेऊ. समजा, बाहेर जाणारी वाट 10 मेगाबिटांची आहे. वरच्या मजल्यावर मुलगा-सून, त्यांना 6. खाली आम्ही, आम्हाला 4. त्यातले 3 नातीच्या शाळेला आणि 1 माझ्या फोटोंना. प्रत्येक वर्गाची एक बादली असते आणि तिच्यात ठरलेल्या गतीने बिल्ले पडत राहतात. बिल्ला असेल तरच पाकीट बाहेर जातं. आपले संपले तर पालकाकडून उसने मागायचे. नातीची शाळा सुटली की तिचे 3 मला मिळतात. वरच्या मजल्याने कितीही मागितलं तरी खालचं उरलेलं आधी खालीच राहतं. आम्ही सगळेच झोपलो तर वरच्यांना पूर्ण 10. तास पुन्हा सुरू झाला की नातीचे 3 लगेच तिला परत. त्यासाठी कुणाकडे अर्ज करायला नको.

एक पथ्य मात्र माणसाने पाळायचं. मुलांच्या वाट्यांची बेरीज पालकाच्या वाट्याहून जास्त लिहिली, तरी ही व्यवस्था अडवत नाही. प्रत्येक मूल आपला हक्क घेतं आणि वरचा हिशेब कोलमडतो. नसलेलं वाटून टाकणाऱ्या यजमानाची जी गत होते, तीच.

हे वाचताना मला सारखी आई आठवत होती. आमच्या एकत्र कुटुंबात आधी पुरुषांची पंगत, मग मुलांची, आणि बायका शेवटी. आईला कुणी उपाशी ठेवलं असं नाही. पण तिचा वाटा 'उरेल तो' असा होता. पाहुणे आले की पहिली कात्री तिच्याच ताटाला लागे. फ्लॉइड-जेकबसन यांच्या मांडणीत उरलेलं उसनं मिळतं, पण त्याआधी प्रत्येकाच्या नावावर एक किमान आकडा लिहिलेला असतो. आईच्या नावावर तो कुणी लिहिलाच नव्हता. लिहायला हवा, हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

सॅली फ्लॉइड 2019 साली गेल्या. पुढच्याच वर्षी माझ्या नातीचा आवाज वर्गात पोचला, त्यात त्यांचा हात होता.

माझे फोटो हल्ली रात्री, सगळे झोपल्यावर चढतात. माझी काही तक्रार नाही. माझा 1 माझ्या नावावर लिहिलेला आहे.