आपले नाव सांगणारी विमाने

लहानपणी विमानाचा आवाज आला, की आम्ही पोरे ताटावरून उठून अंगणात धावत असू. ते कोठून आले, कोठे चालले, हे कोणालाच ठाऊक नसे. आज या प्रश्नाचे उत्तर माझ्या मेजावरील जुना संगणक देतो. हे कसे घडले, त्याची हकीकत मनोरंजक आहे; आणि थोडी दुःखदही.

२६ फेब्रुवारी १९३५ रोजी इंग्लंडात डॅव्हेंट्रीजवळ रॉबर्ट वॉटसन-वॅट व अर्नोल्ड विल्किन्स यांनी, रेडिओच्या लहरी विमानावर आदळून परततात आणि त्यावरून विमानाचा सुगावा लागतो, हे दाखविले. परंतु हा प्रतिध्वनी मुका होता. विमान आपले की शत्रूचे, हे तो सांगत नसे. म्हणून दुसऱ्या महायुद्धात विमानातच उत्तर देणारे यंत्र बसविण्यात आले. रडारने विचारावे, विमानाने ओळख द्यावी. पुढे प्रवासी विमानेही अशीच आपली उंची कळवू लागली.

ही उंची केवढी मोलाची! १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणातील चरखी दादरीवर सौदी व कझाक विमानांची टक्कर होऊन ३४९ माणसे गेली. दिल्लीच्या रडारला तेव्हा उंची दिसत नव्हती. वैमानिकाच्या शब्दावर विसंबावे लागे. एकाला १४ हजार फूट नेमून दिले होते, दुसऱ्याला १५ हजार. दुसरे खाली उतरले, आणि ते जमिनीवर कोणाला दिसले नाही.

आता पुष्कळ विमाने विचारण्याची वाटच पाहत नाहीत. उपग्रहांवरून आपले ठिकाण काढून, १०९० मेगाहर्ट्झवर ती सेकंदाला सुमारे दोनदा ते पुकारतात. एक संदेश ११२ बिटांचा. त्याला कुलूप नाही. ऐकेल त्याचा तो!

मात्र ऐकायचे कशाने? २०१२ मध्ये फिनलंडच्या अँटी पालोसारी यांना आढळले, की दूरदर्शनचे कार्यक्रम टिपणारी एक स्वस्त काडी कच्च्या लहरीही संगणकाच्या हाती देते. त्याच सुमारास इटलीच्या साल्वातोरे सान्फिलिप्पो यांनी त्या लहरींतून विमाने वेचणारा ‘डंप१०९०’ हा छोटा प्रोग्राम लिहिला आणि त्याचा मूळ मजकूर सर्वांसाठी खुला ठेवला.

तो मजकूर मी लिनक्सवर उतरविला आणि ‘मेक’ ही आज्ञा दिली. पहिल्यांदा काम अडले. काडीशी बोलणारी लायब्ररी बसविलेली नव्हती. ती बसविली, प्रोग्राम तयार झाला, तर काडी हाती येईना. लिनक्सने तिला दूरदर्शनच्या कामाला आधीच जुंपले होते! तेथून सोडवली तेव्हा गाडी चालू झाली. घरी चकली हसली, तर भाजणीत काय चुकले ते कळते. विकतच्या चकलीचे नुसते दुःख करावे. मूळ मजकुरापासून प्रोग्राम बांधण्याचे सुख हेच.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी गच्चीवर आकाशकंदिलाशेजारी अँटेना उभी केली. पडद्यावर एकेक ओळ उमटू लागली: विमानाची खूण, वेग, उंची. खालून आईने विचारले, “काय रे, दिसते का काही?”

“हो,” म्हटले, “दोन विमाने आहेत. एक वर, एक खाली. मध्ये पुष्कळ अंतर आहे.”

चरखी दादरीच्या त्या संध्याकाळी एवढेच कोणाला तरी दिसायला हवे होते.